दोन कॅमेरे आणि एक धूमकेतू

नक्की आठवत नाही, कदाचित मी दोन वर्षांची सरमिसळ करत असेन; पण धूमकेतू आला होता, एवढं खरं. बायकोला गुडघ्यांमुळे गच्चीवर चढवत नव्हतं. म्हणाली, "दुर्बिणीला कॅमेरा लावा आणि मला खालीच फोटो दाखवा."

दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे मनात भरले. एकात तारे रेखीव येतात म्हणे, दुसऱ्यात रंग खरे. शिवाजीनगरच्या दुकानात मी रोज फोन करायचो.

"सर, कुठलाही घ्या," दुकानदार वैतागला. "जरा लवकर सांगा, धूमकेतू थांबणार नाही."

"उद्या नक्की."

ही आतून ओरडली, "अहो, मला पसंत करायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली होती!"

"तेव्हा मला एकच मुलगी दाखवली होती."

शेवटी विचार करून करून थकलो आणि एक घेतला. तोवर धूमकेतू दुर्बिणीतूनही दिसेनासा झाला होता.

"परत कधी येणार?" हिने विचारलं.

"काही हजार वर्षांनी."

"मग दुसराही आणून ठेवा. वेळ आहे."

पुढे काही वर्षांनी मी दोन्ही कंपन्यांना पत्र लिहून खात्री करून घेतली. दोन्ही कॅमेऱ्यांच्या आत एकाच कारखान्याचा, अगदी तोच सेन्सर होता.