ममता भडकली की

बाभुळगावच्या स्टँडवर तानाबाई यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होती. तिच्या मागच्या बाकावर धावायचे बूट घातलेलं एक तरुण जोडपं येऊन बसलं.

“मले नाही पळायचं आता त्या दौडीत.”

“काहून वं ममते?”

“काल पळतानी शुगर उतरली अन् म्या तुमाले चारचौघांत शिव्या देल्या.”

“देल्या म्हणूनच तं समजलं मले, शुगर उतरली म्हणून. एरवी तू आवाजबी चढवत नाहीस.”

“ग्लुकोजची पुडी फेकली म्या तुमच्या अंगावर.”

“दुसरी होती ना खिशात. ते पाजली, पंधरा मिनिटं बसवलं, अन् मंग पुन्हा शुगर पाह्यली.”

“रोज सायकल घेऊन माह्यामागं किती दिवस फिरसान?”

“आता डॉक्टरनं पळायच्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचं, आधी काय खायचं, सारं लिहून देल्लं ना?”

“अन् तरी उतरली तं?”

“तं दे शिव्या. मी कडेनंच हावो.”

यवतमाळची गाडी लागली. बाया जागा धरायला धावल्या, पण तानाबाई मागं कान देऊन बसूनच राहिली.

मग ती पोरगी हळूच म्हणाली, “उद्या पळाले किती वाजता निघाचं?”