गढूळ बाटली

परीक्षक मंडळींनो, तुम्ही ती फेसाळ वाईन चाखलीच नाही. उजेडासमोर धरलीत, गढूळ दिसली, स्पर्धेतून बाद केलीत. तुमच्याच टेबलासमोरच्या तक्रारीच्या रांगेत माझ्यापुढे ती बनवणारी सून आणि तिचे सासरे उभे होते.

"सांगत होतो, गाळ काढ. माझी वाईन बघ, काचेसारखी नितळ."

"मुद्दाम ठेवलाय, बाबा. त्या गाळातल्या यीस्टमुळेच ताज्या पावाची चव येते."

"दिसते ताकासारखी."

"कधीपासून हेच ऐकतेय. एकदा तरी चाखलीत?"

"नाही."

"मग तुमच्यात आणि परीक्षकांत फरक काय?"

"जीभ फार चालते तुझी."

"तुमचीही चालवा की. पेला आणलाय."

"इथे, रांगेत? बरं, बूच हळू काढ, लोक बघतायत."

"कशी आहे?"

"थांब जरा. बुडबुडे बारीक आहेत. आधी हिरवं सफरचंद, मग तो तुझा पाव. अजून ओत."

"म्हणजे आवडली?"

"आवडली म्हणालो का? ओत म्हणालो."

"आपला नंबर आला, बाबा. मी बोलू?"

"तू बाटली धर. साहेब, न चाखता हिच्या वाईनला नावं ठेवण्यात मी तुमच्याही पुढे होतो. आज चाखली. आता हा पेला तुमच्यासमोर ठेवलाय. चाखणार की नाही, तेवढं सांगा."