गोटू झोपलाय, बोलू नका

—तर मी काय म्हणत होते, विहीणबाई, पोराला उठवायचं नाही! हा तुमच्या लेकीचाच कायदा, माझा नाही. तुम्ही आलात गोटूला न्यायला, आणि गोटू आत झोपलाय, शेजारी त्याचा बापही आडवा झालाय, रात्रभर गाडी चालवून आला बिचारा — मग बसा आता. उठेल तेव्हा उठेल. सकाळी तुमच्या दाराशी गाडी थांबवली, तुमची लेक एकटी खाली उतरली आणि पोटचं पोर मागच्या सीटवर सोडून घरात निघून गेली — का? तर झोपलाय! झोपमोड नको! आई संध्याकाळी येऊन घेऊन जाईल म्हणे. आई म्हणजे तुम्ही. पार्सल आणायला पाठवावं तसं पाठवलं तुम्हाला. चहा ठेवू? नको? बरं, राहिलं. आमच्या घरचं पाणीसुद्धा आता कडू लागत असेल.

आणि तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल तेही मला ठाऊक आहे. ‘मला रस्त्यात टाकून गेले.’ हेच ना? टाकून! अहो, पेट्रोल पंपावर राहिली थोडा वेळ. दिवे होते, माणसं होती, बाथरूम होतं. आम्ही काय तिला जंगलात सोडली? आणि वर तिची अट — झालं ते चुकून झालं असेल तर रविवारी येते पोराला घेऊन, आणि कुणी मुद्दाम केलं असेल तर ना मी येणार, ना गोटू. गाडीच्या खिडकीतून नवऱ्याला असं बजावून गेली. हा आपला मान हलवतोय! मुद्दाम कोण करणार हो? गाडीत माणसं ती किती — तो, ती, मी आणि गोटू. त्यानं केलं नाही, तो तर तिच्या शब्दाबाहेर श्वास घेत नाही. गोटू अडीच वर्षांचा. राहिले मी. आणि मी झोपले होते. सकाळीही हेच सांगितलं, आत्ताही हेच सांगते.

पण मुळात रात्री निघायचंच कशाला, हे विचारा ना तुमच्या लेकीला. माझ्या बहिणीकडून आम्हाला दुपारी निघता आलं असतं, बहिणीनं डबा भरून दिला असता, उजेडात घरी पोचलो असतो. नाही! पोर रात्री झोपतं, म्हणून प्रवास रात्री. दातांची डॉक्टर आहे ना, सगळं शास्त्रानं. मग काय, फोनवर एक आवाज लावला — कसला असेल? सांगा. लादी साफ करायच्या मशीनचा! घूंऽऽऽ, घूंऽऽऽ, रात्रभर. त्यानं म्हणे मेंदू शांत होतो. त्याचा होत असेल, माझा बधिर झाला. आणि कुणी बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, म्हणजे आम्ही कुजबुजायचं नाही, ती कुजबुजली तर चालतं. आमच्यासाठी खुणा. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे. गारठा लागला तर खांद्यावर हात. आणि उतरायचं असेल तर करंगळी! या वयात, विहीणबाई, मी माझ्या पोटच्या मुलाला आरशातून करंगळी दाखवायची! तो लहान असताना मी त्याला दटावायचे, नीट तोंडानं सांग म्हणून.

आणि हे कुणाला सांगतेय ती? मला? मी उभी हयात टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला पट्टा, समोर तारा, दिवसभर बोलणं. एकाच वेळी चार-चार लोकांचं ऐकायचे मी, अजूनही माझ्या कानातून काही सुटत नाही — तर अशा बाईच्या तोंडाला कुलूप. पुढची सीट रिकामी होती, हे सांगितलं का तिनं? नसेल. पुढं मला बसायला मनाई. का, तर पुढं बसलं की मी बोलते. म्हणून मी मागे, डाव्या दाराला चिकटून. मधे ती, अंग चोरून. आणि पलीकडे, ड्रायव्हरच्या पाठीमागे, गोटूची ती पट्ट्यांची खुर्ची. गोटूच्या बाजूचं दार त्या खुर्चीनं अडलेलं. अशी आमची वरात. पुढच्या सीटवर कोण? डायपरची पिशवी. तिला मान!

पंपावर थांबलो, तो पेट्रोल भरून पैसे द्यायला गेला. तेवढ्यात हिला उतरायचं झालं. आता दार माझ्या बाजूला. साधं सांगावं ना — आई, जरा पाय घ्या. नाही. पायात नुसते मोजे, बूट वाजतात म्हणून, आणि सरळ माझ्या अंगावरून. माझ्या अंगठ्यावर पाय देऊन उतरली, माफ करा वगैरे काही नाही — म्हणजे, सकाळी अंगठा काळानिळा दिसला, त्यावरून म्हणते मी. झोपेत कळतं थोडंच. हा बघा. बघा ना, बघायला काय जातंय. मधल्या जागेवर आपली शाल उशीवर तशीच टाकून गेली, पर्स गाडीत, फोन गाडीत, तो घूं घूं करतोच आहे. शहाणी माणसं असं करतात? निदान नवऱ्याला हाक मारून जावं. पण हाक कशी मारणार, स्वतःचाच नियम! मग तिथं बाथरूमबाहेरच्या दिव्याखाली गाडीकडे पाठ करून केस सोडले, विंचरले, पुन्हा बांधले. सावकाश. जणू आरशासमोर उभी आहे घरात. पोर गाडीत, नवरा दमलेला, सासू अवघडलेली, आणि ही वेणी घालतेय.

काय? मी कसं बघितलं? बघितलं कुठं, तिनंच सांगितलं. नाही सांगितलं? तुम्हाला नसेल सांगितलं, आम्हाला सांगितलं असेल, परत येताना. बोलली नाही परत येताना? बरं, नसेल बोलली, मग त्यानं सांगितलं असेल. तुम्ही काय वकील आहात का, विहीणबाई? एवढ्या वेळात एक शब्द बोलला नाहीत आणि आता नेमकं हेच सुचलं?

हां, तर ते ठोकण्याचं. त्यावरनंच तर सगळा तमाशा. हा परत येऊन बसला. आता मागे वळून बघायचं नाही, आतला दिवा लावायचा नाही, पोर उठतं. मग मागचे बसले की नाही ते कळायचं कसं? तर त्यालाही खूण. दारं लागली, सगळे बसले, की मागून त्याच्या सीटच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक. दोनदा ठोकलं म्हणजे नीघ. ते तिनंच ठोकायचं, तो मान तिचा. हा बसून राहिला, टकटक ऐकली आणि निघाला. तो शपथेवर सांगतो, ऐकली. मग ठरलं, की गोटूनं झोपेत लाथा झाडल्या असणार, खुर्ची बरोबर मागेच आहे ना. मीच म्हटलं तसं. त्याला पटलंही. पण तुमच्या लेकीला पटेल तर! लाथ धप्प लागते म्हणे, टकटक करत नाही. दातांवर ठोकून ठोकून कान तयार झाले वाटतं!

तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. तुमची लेक म्हणून तुम्हाला ती सोन्याची. मला विचारा. घरात पाऊल टाकल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला हळूच हसून नकार. गोटूला मी मांडीवर घेऊन झोपवायचं नाही, सवय लागते. मी त्याला चमच्यानं भरवायचं नाही, त्यानं स्वतः सांडायचं. मी गोष्ट सांगायची नाही, कारण माझ्या गोष्टीत राक्षस येतो. मग मी करायचं काय? घरात एक कपाट आहे तसं उभं राहायचं? तरी मी राहिले. कशासाठी, तर सकाळी उठल्या उठल्या तो गोळा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहतो म्हणून. ‘आज्जी, उठलीस?’ एवढंच विचारतो. तेवढ्यासाठी मी तिचं सगळं नाक वर करणं गिळलं.

आणि तुम्हाला एक सांगू, जे तिनं तुम्हाला जन्मात सांगितलं नसेल? पंपाच्या आधी, हमरस्त्यावर, मी डोळे मिटून होते, तर पुढे वाकून नवऱ्याच्या कानाशी काय म्हणाली? ‘आईंना मावशींकडेच ठेवून आलो असतो तर बरं झालं असतं ना रे. दोन-तीन महिने. आपल्यालाही जरा मोकळं.’ मोकळं! आणि हा? हा काय म्हणाला असेल? अहो, नाहीसुद्धा म्हणाला नाही. ‘बघू’ म्हणाला. मी त्याला वाढवलं, एकटीनं वाढवलं, रात्रपाळ्या करून, आणि माझा ‘बघू’ झाला. त्या घूं घूं आवाजातही मला शब्द न् शब्द ऐकू आला. तिला काय वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही? असं आत काही तुटलं माझ्या, विहीणबाई, की रडायलाही आलं नाही. नुसता संताप. मला मागे ठेवायची भाषा करता? माझ्याच बहिणीच्या घरी, जुनी पिशवी विसरून यावी तशी? मग जरा बघ की स्वतः, मागे राहिलं की कसं वाटतं! ठोकलं मी दोनदा. काय मोठं केलं? दोनदा बोटानं. मला वाटलं पंपाच्या फाटकापाशी तो बघेलच मागे. आपल्या बायकोकडे एकदा आरशात नीट बघणार नाही का माणूस? नाही बघितलं! अंधारात उशीवरची शाल दिसली, तीच बायको समजून निघाला मूर्ख. मग फाटक गेलं, मग पूल गेला, मग वळायला जागाच नाही, दुभाजक. दर फर्लांगाला वाटायचं, आता बोलते. आता बोलते. पण आता बोलले तर आधी का नाही बोलले? आणि बोलायचंच तर नव्हतं ना! गोटू झोपला होता!

गोटूच उठला शेवटी. आईऽऽ म्हणून असा टाहो फोडला की गाडी हलली. परत जाऊन पोचलो तेव्हा ती पंपाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसली होती, कुणा कॅशिअरचा कोट अंगावर, पायात ते ओले मोजे. आली, बसली, माझ्याकडे बघितलं फक्त. तेव्हाच तिला कळलं असावं.

काय हो, आता बोला की. का तुमच्याकडेही कुणी झोपलंय? हे बघा, मी तुम्हाला काही सांगितलं नाही. सांगितलं असेल तरी कोण ऐकतंय? तुमची लेक तर माझ्या नावानं खडे फोडणारच, तुम्ही तिच्या आई, म्हणजे तुमचं बोलणं कोण धरणार? माझा मुलगा? तो माझा आहे. मी एकदा म्हटलं लाथा मारल्या, की त्याच्यासाठी लाथाच. आणि गोटू इथंच राहणार. रविवारी ती येईल गुपचूप, दुसरं जाणार कुठं? तुम्ही आता निघा. रिक्षा मिळेल कोपऱ्यावर. मी तुम्हाला दारापर्यंत—

अरे. तू कधी आलास बाहेर?

अनवाणी कशाला चालतोस फरशीवरनं, कळलंच नाही. आणि त्याला का उचललंस, झोपलाय की अजून. मानेवर लाळ आली बघ तुझ्या. काय? काय झालं? मी यांना म्हणत होते, रात्रीचं — नाही, तसं नाही, गमतीनं म्हणत होते, बोलण्याच्या ओघात माणूस — अरे, बोल काहीतरी. असा उभा राहू नकोस. ओरड हवं तर माझ्यावर. त्यांच्याकडे का देतोयस? माझ्याकडे दे. अरे, मी इथं बसलेय ना, माझे हात रिकामेच आहेत, माझ्याकडे दे त्याला, तिकडे कशाला—

…मान धरा त्याची, विहीणबाई. झोपेत मागे टाकतो.