मान पोचते तिथवर

स्वीडनमधल्या रोसलागेनच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे गुन्वर आणि सिक्स्टेन उभे होते. तिच्या गायी समोरच्या बेटावर चरतात; तो तिथल्या निसर्ग समितीचा. त्याच्या खांद्यावर तारेचं नवं भेंडोळं होतं.

“आता ही तार कशाला आणखी?” गुन्वरनं विचारलं.

“तुझी लाल गाय कुंपणातून मान घालते. आतली जेन्शियनची, त्या जांभळ्या रानफुलांची रोपं खाते. बेटावर तेवढीच उरलीत, गुन्वर.”

“तू कुंपण घालायच्या आधी सगळं कुरण जांभळं व्हायचं. तेव्हा काय गायी उपाशी होत्या?”

“म्हणून तर वाचवतोय.”

“कुणापासून? आमच्या पणज्यांपासून तिथं विळे चालले, गुरं सुटली. ते रोप खुडून घ्यायलाच शिकलंय. वेळेवर शेंडा गेला की खालून चार फांद्या फुटतात आणि ऑगस्टात दुप्पट फुलतं. तू त्याला लाडानं उंच गवतात गुदमरवलंस.”

“खाल्ल्यानं रोप वाढतं, हे तू मला शिकवणार? समितीत मी आहे.”

“बरं बाबा, तू आहेस. मग एवढं सांग, यंदा कुंपणाच्या मधोमध किती फुलं दिसली?”

“मधोमध नाही दिसली.”

“मग कुठं दिसली?”

“कडेला.”

“कडेला म्हणजे कुठवर?”

बोट लागली. रांग पुढे सरकली. सिक्स्टेननं भेंडोळं खांद्यावरून उतरवून धक्क्यावर ठेवलं.

“हातभर आत,” तो म्हणाला. “त्या लाल गायीची मान पोचते तिथवर.”