न वाळलेला चिमटा

दिवाळीत मी ताईकडे का राहिले नाही, असं तुम्ही विचारता. दादाच्या फटफटीमुळे.

अल्लीपूरला तिच्या सासरी तीन दिवस राहायचं ठरलं होतं. पण लष्कराच्या लिलावातली ती गंजकी गाडी व्याह्यांच्या दारात कशी न्यायची, म्हणून दादाने आदल्या दिवशी पुढचं चाक धरणारा चिमटा काढून काळा रंगवला. रंग घट्ट होता, म्हणून त्यात स्वयंपाकाचं जवसाचं तेल ओतलं.

सकाळी बोट लावलं तर बोट काळं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"काऊन वाळून नाई राह्यला?" दादा म्हणाला.

"भाजीचं तेल ओतलं तू," आई म्हणाली. "लवकर कसा वाळीन?"

रंग वाळला तेव्हा सुटीचा शेवटचा दिवस उजाडला होता; त्याच दिवशी आम्ही निघालो. ताईकडे चहा झाला, तिला हे सगळं सांगून झालं, आणि लगेच दादा उठला. मला थांबायचं होतं, पण व्याह्यांसमोर हट्ट कसा करायचा, म्हणून मीही चपला घातल्या.

ताई दारापर्यंत आली. चिमट्याकडे बघत हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेले इथंच येऊन रंगवजो, दादा. मंग वाळेपर्यंत तुमाले राहा लागीन."