होणाऱ्या सासऱ्यांसमोर टायट्रेशन

नाही, मला सांगा, मुलगी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात कुणी ब्युरेट, ती तोटी लावलेली काचेची नळी, देतं का हो? पण आमचे साहेब! व्हिनेगरच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा केमिस्ट, आणि त्यांची मुलगी वरच्या मजल्यावर पॅकिंगला. सगळा धीर गोळा करून म्हटलं, "साहेब, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय." त्यांनी चष्मा पुसला. "माणूस मला तोटीवर कळतो. टायट्रेशन करून दाखवा."

आता तुम्हाला सांगतो, हे काम मी रोज झोपेतही करतो! फ्लास्कमध्ये व्हिनेगर, वर उभ्या नळीत कॉस्टिक सोडा, थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी झालं की तोटी बंद, किती मिली गेलं ते वाचायचं, संपलं! पण मागे होणारे सासरे उभे असले की... व्हिनेगर मोजायची पिपेट भरताना पातळी रेषेच्या वर काय, खाली काय! आणि मानेवर आवाज, "डोळा रेषेला!" वाकलो. "आणखी!" अहो, गुडघे टेकले मी, गुडघे!

तोटी उघडली. थेंब... थेंब... रंग नाही. दहा मिली, रंग नाही. वीस... दाराकडे पाहिलं, पळावं का? "डोळा रेषेला!" अहो, रेषेलाच आहे, पण रंग कुठाय? नळी रिकामी होत आली आणि फ्लास्कमधलं आपलं पाण्यासारखं स्वच्छ! म्हटलं, गेलं लग्न, गेली नोकरी.

साहेबांनी शांतपणे माझ्या कोपराजवळची छोटी बाटली उचलली. इंडिकेटर! ज्याच्यामुळे रंग दिसतो तेच घालायचं विसरलो होतो! त्यांनी दोन थेंब टाकले, आणि फ्लास्क असा भडक गुलाबी झाला की मला घेरीच आली.

"रीडिंग काय लिहिणार?"

"काही नाही, साहेब. ओतून टाकतो... पुन्हा करतो."

"डोळा रेषेला" म्हणतील म्हणून मी आधीच वाकलो, तर चक्क हसले हो! "खोटं लिहिलं नाहीत. माझी हरकत नाही."

मला रडूच आलं. हात जोडले, तेवढ्यात म्हणतात, "आणि ती काय म्हणाली?"

"कोण?"

"माझी मुलगी!"

तुम्हाला सांगतो, हात जोडलेले तसेच राहिले. तिला विचारायची भीती वाटली म्हणून तर थेट वडिलांना गाठलं होतं ना मी! आता वरच्या मजल्यावर जायचंय... त्यापेक्षा साहेब परवडले हो!