चिचपल्लीच्या पुढं

अंजनाबाई टोपल्यांची थप्पी घेऊन थांब्यावर मूल गावाला जाणाऱ्या बसची वाट पाहत होती. शेजारी कंपनीचे दोन बाबू, वामनराव आणि देवाजी, ऑफिसच्या गाडीसाठी थांबले होते.

"वामनभाऊ, माहा कंपूटर उघडूनच नाई राह्यला."

"महिना संपला ना गा. साहेबाचा हुकूम हाय, दर महिन्याले पासवर्ड बदलाचा. कोणाले सांगाचा नाई, कागदावर लिहाचा नाई. तीनदा चुकला का नागपूरचा माणूस येतपर्यंत बसा."

"मंग ध्यानात कसा ठेवता?"

"मी या मूलच्या बशीचे थांबे घेतो, ओळीनं. लोहारा झाला, घंटाचौकी झाली, चिचपल्ली काल संपली."

"हे तं तुमी मले सांगून टाकलं."

"तू का बाहेरचा हायस?"

"मंग आज कोणता थांबा?"

"थेच आठवून नाई राह्यलं. बाई, तुमी रोजच्या. चिचपल्लीच्या पुढं काय लागते?"

"अजयपूर," अंजनाबाई टोपल्या सारख्या करत म्हणाली. "परवा तुमच्या कंपनीचे मोठे साहेब जीपमधून उतरून हेच इचारून गेले. त्यायनं तं कागदावर लिहून घेतलं."